भिंत बघा, सर

पोकळ वस्तू हाती आली की एक डोळा मिटून ते तिच्या आरपार बघायचे. पपईचा देठ, पेनातली कांडी, सायकलच्या पंपाची नळी, काहीही. मग म्हणायचे, "भोक कुणीबी बघतंय सर. भिंत बघा."

परभणीतल्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि ते आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई होते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. मी त्यांना शेवटपर्यंत 'अरे' म्हणालो. इथे 'ते' लिहितोय, उशिरा का होईना.

पिंगळीहून सकाळच्या गाडीने येताना ते रुळांच्या कडेची एखादी कोवळी काडी तोडून आणत. गाजराच्या फटीत ती धरायची, दाढीचं साधं ब्लेड ओलं करायचं आणि काप घ्यायचे. इतके पातळ की पाण्यात टाकल्यावर शोधावे लागत. माझे काप एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटलेले. "सर, तुमी भाजी चिरायलाव," ते म्हणायचे. मी हसायचो, कारण आजूबाजूला कुणी नसायचं.

एकदा खोडातली पाणी वाहणारी नळी सूक्ष्मदर्शकाखाली लावून त्यांनी मला बोलावलं. "आतून कडी हायत बघा. कशापायी?"

"आधारासाठी," मी पुस्तकातलं उत्तर दिलं.

"मोटारीचे पाइप बघा की. पाणी ढकलतो तो साधा चालतो. ओढतो त्याला आत तारेचं वेटोळं लागतंय, न्हाई तर ओढीनंच चिपकून जाईल. झाड पाणी ढकलत न्हाई सर, वरून ओढतंय."

दुसऱ्या दिवशी हे मी वर्गात माझं म्हणून सांगितलं. पोरं खूश झाली. ते मागे फडक्याने बाकं पुसत होते. पुढे निवृत्त होईपर्यंत दरवर्षी मी तो पाइप वर्गात आणला, आणि एकदाही कुणाचा ते सांगितलं नाही.

आमच्याकडे रीत होती. काप बसवलेली काचपट्टी शिपायाने करायची आणि लेबलावर सही शिक्षकाने. तुम्ही म्हणाल, त्या काळी सगळीकडे तसंच चालायचं. म्हणू नका. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता त्याची शिसारी येते.

मग प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली. त्यांनी अर्ज केला. बाहेरून आलेल्या समितीतल्या एका गृहस्थांनी आमची काचपट्ट्यांची पेटी उघडली, चार-पाच पाहिल्या आणि चकित होऊन विचारलं, "हे काप कुणाचे?"

ते दाराशी इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. त्या जागेसाठी त्यांच्याकडे हा एवढाच पुरावा होता.

"माझे," मी म्हणालो. "तो सामान मांडून देतो."

जागा दुसऱ्याला गेली. संध्याकाळी ते आले. "सर, काचा पुसून ठिवल्यात. कुलूप लावू का?" त्यांनी माझी गचांडी धरायला हवी होती. धरली नाही, म्हणून मी त्यांच्यावरच चिडायचो, इतका मी हलकट. शिपाई म्हणूनच ते निवृत्त झाले.

गेल्या वर्षी कळलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत, परभणीत डायलिसिसला येतात. माफी मागायची असं ठरवून गेलो. यंत्राला लावलेल्या काचेसारख्या नळकांड्याकडे ते पडल्या पडल्या एक डोळा मिटून बघत होते.

"या सर. ह्यात हजारो नळ्या हायत, केसावानी. रगत आतून जातंय, पाणी बाहेरून, अन् घाण भिंतीतून पार. माणसानं केलीय बरं का ही भिंत!" मग म्हणाले, "पण आपल्या मूत्रपिंडातली नळी गाळलेल्यातलं कामाचं परत घेती. हिला ते कळत न्हाई."

तिथल्या तंत्रज्ञाला गळ घालून त्यांनी तारीख उलटलेलं, न वापरलेलं एक नळकांडं मिळवलं. मी माझा जुना सूक्ष्मदर्शक घेऊन पिंगळीला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने गाजर आणून दिलं. त्यांचा हात सुजलेला, ब्लेड नीट धरवत नव्हतं. त्या नळ्यांचे आठ काप वाया गेले. नववा साधला. गोल गोल कडा, आणि स्पंजासारखी भिंत.

"बघा!" ते म्हणाले. "आता लेबल लिहा सर."

मी वस्तूचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. आणि खाली, इतक्या वर्षांच्या सवयीने, माझी सही झाली.

त्यांनी ती पाहिली. त्यांच्या बायकोनेही पाहिली.

"ऱ्हाऊ द्या सर," ते म्हणाले. "हाताला वळण पडलंय." माफी माझ्या तोंडातच राहिली. दोन महिन्यांनी ते गेले.

जुन्या लेबलावर त्यांच्या नावाचं नवं लेबल चिकटवून ती काचपट्टी मी पिंगळीला नेली. बाईंनी हातात घेतली नाही. "जिते असताना लावलं न्हाई. आता कशाला लावायलाव सर, तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून? लिहायचं तर लिहा. पण त्यांचं नाव घालू नका. तुमचंच घाला."

म्हणून वर कुठेही त्यांचं नाव नाही. नवं लेबल मी सोलून काढलं. काल ती काचपट्टी पुन्हा लावून पाहिली. भिंत कुठेही फाटलेली नाही. कोपऱ्यात माझी सही आहे.