साकवावरच्या तीन उड्या

लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी सरली आणि वाड्यावरच्या घराघरांतून एकेक माडाचा सोट नदीवर गेला. पेडण्यातल्या आमच्या गावात पाऊस संपला की नदी ओलांडायला साकव बांधायचा आणि पुढच्या पावसाआधी सुटा करून ठेवायचा, नाहीतर तो पुराबरोबर जायचा. बांधणारे माझे सासरे. त्यांचा नियम एकच: गावातल्या सर्वांत जड माणसाने मधोमध उभं राहून तीन उड्या मारायच्या. त्याआधी कोणी पाय टाकायचा नाही.

हा मान दुकानदाराचा. पण त्या वर्षी त्याला मधुमेह निघाला, खाण्यापिण्याला लगाम बसला आणि गडी निम्मा झाला. सगळे एकमेकांकडे बघू लागले. माझ्याकडे मात्र कोणीच बघेना, त्यावरून मी काय ते ओळखलं.

मी माहेरची साखळी गावची, लहानपणापासून अंगाने भरलेली. लग्नातली कुजबुज कानांवर आलीच होती, म्हणून सासरी गडद साड्या नेसायची, फोटोत मागे उभी राहायची. आता गावासमोर उड्या? माझा संताप संताप झाला.

सासरे जवळ आले. हळूच म्हणाले, "गो बाय, तुका नको तर नको. पण पोरां ह्येच्यावरसून शाळेत जातली. माका खात्री होयी."

मी पदर खोचला आणि गेले. पहिल्या उडीला साकव करकरला, दुसरीला वाकला, तिसरीला काथ्याची गाठ सुटली आणि मी कमरेएवढ्या पाण्यात!

काठावर कोणाला हसायचा धीर होईना. सासऱ्यांचा चेहरा मात्र खुलला. "बरां झालां, आताच सुटला! पोरां असती तर?"

मग मीच आधी हसले. त्यांनी गाठी नव्याने आवळल्या आणि ओल्या साडीने मी पुन्हा उड्या मारल्या. तेव्हापासून दरवर्षी तो मान माझा, आणि त्या दिवशी जेवणात मला हवं ते.

यंदा काँक्रीटचा पूल झाला. भरलेला ट्रकसुद्धा जाईल, असं इंजिनियरने सांगितलं. आता काठी टेकत चालणारे सासरे पुलाच्या तोंडाशी अडून बसले.

"ट्रकाचां माका सांगू नको. माझी सून खंय आसा?"

मी पिवळीधमक साडी नेसून पहिल्याच रांगेत होते. पुलाच्या मधोमध जाऊन तीन उड्या मारल्या आणि मागे वळले. सासरे काठी बगलेत मारून माझ्याकडे चालत येत होते.