सिस्टरांनी सकाळी न दिलेलं इंजेक्शन

मागच्या गुरुवारी सकाळी मी एका बाईंशी कडाकडा भांडले. आमच्या गावाजवळच्या आरोग्य केंद्रात, जामखेडच्या अलीकडे... आणि आज त्याच बाईंसाठी ही पोस्ट लिहितेय.

माझी धाकटी बहीण सोनाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहाटे कळा सुरू झाल्या आणि उजाडल्यावर मी आणि आईनं तिला गाडीत घालून केंद्रात नेलं. डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेलेले. ड्युटीवर होत्या मंदा सिस्टर... पन्नाशीच्या, बुटक्या, चेहऱ्यावर हसू शोधायला भिंग लागेल अशा.

त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "सगळं नीट हाय. पयली खेप हाय, वेळ लागनार. तिला हिंडू द्या, पानी पाजत राहा." झालं, एवढंच!

दोन तास गेले, तीन गेले... सोनाली माझा हात पिळत रडत होती. आमच्याकडे बाळंतपण म्हटलं की सगळ्यांना एकच औषध माहीत, कळांची सुई. ती टोचली की बाई पटकन मोकळी होते आणि जो टोचत नाही तो निष्काळजी, असा ठाम समज. आईचा तर फारच.

"अवं सिस्टर, एक सुई टोचा की! गोठ्यावाले म्हशीला टोचत्यात, अन् तुमच्याकडं मानसाला न्हाई व्हय?"

"हाय ना, फ्रीजमधी हाय," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "पन आत्ता द्यायची न्हाई."

माझं डोकंच फिरलं. औषध आहे, पोरगी तळमळतेय आणि ह्या बाई देत नाहीत... मी हायस्कूलला सायन्स शिकवते, पण त्या वेळी माझं सायन्स कुठे गेलं होतं देव जाणे. आधी मी भरपूर आवाज चढवला. मग बाहेर जाऊन आरोग्य खात्यातल्या एका ओळखीच्या साहेबांना फोन लावला आणि म्हटलं, जरा झापा ह्यांना.

साहेबांचा फोन आला. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब, तुमी हितं या, पेशंट बघा अन् सहीनिशी लिहून द्या. मग देते." पलीकडून फोन कट... मी ओशाळले, पण राग काही गेला नाही.

थोड्या वेळानं त्यांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, आता आपली पाळी! पण त्यांनी एक कागद पुढे केला. सकाळपासून बाळाचे ठोके ऐकून, कळा मोजून त्या त्यावर टिंबं देत होत्या. चक्क आलेख... मी नववीच्या पोरांकडून काढून घेते तसा.

"ही रेघ बघा ताई, नीट चढतीय. पोरीचं शरीर आपलं काम करतंय. वर सुई टोचली तर कळंवर कळ येती, बाळाला दम खायला फुरसत न्हाई. कवा कवा गर्भाची पिशवी फाटती. ज्या बाईला गरज असती तिला देत्यात, पन मोठ्या दवाखान्यात, डॉक्टर उशाला असताना. हितं ऑपरेशनची सोय न्हाई... मग मी काय करू?"

मी वाद सोडला. आईलाही सोडायला लावला, ते जास्त अवघड होतं.

दुपारी सोनालीला मुलगी झाली. ती रडली, आम्हीही रडलो... आणि तेवढ्यात सिस्टरांनी तयार ठेवलेली सुई सोनालीच्या मांडीत टोचलीसुद्धा. तीच, सकाळपासून नाकारलेली! "आता हिचं काम हाय. पिशवी आवळली म्हंजी रक्त थांबतं."

पण रक्त थांबेना. वार पडली आणि खालचं कापड बघता बघता भिजलं. सोनाली पांढरीफटक पडली, "ताई, गरगरतंय" म्हणाली... आणि मला पहिल्यांदा कळलं की माझी बहीण आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत जाऊ शकते.

सिस्टरांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. एका हातानं त्या पोट चोळत होत्या. मला अॅम्ब्युलन्सला फोन लावायला सांगितलं, डॉक्टरांना स्पीकरवर घेतलं, सलाईन लावून त्यात तेच औषध सोडलं. "पिशवी सैल पडलीय... सोनाली, डोळं उघडं ठिव. माझ्याकडं बघ."

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग त्या म्हणाल्या, "आवळली." त्यांनी माझा हात धरून सोनालीच्या पोटावर ठेवला. आत गोळा लागत होता, घट्ट. रक्त कमी झालं... मग थांबलं.

अॅम्ब्युलन्स आली, डॉक्टरही पोचले. त्यांनी तपासलं आणि लक्ष ठेवायला दोन दिवस तालुक्याच्या दवाखान्यात पाठवायचं ठरवलं. मी सिस्टरांना शोधत मागच्या ओट्यावर गेले. त्या चहा घेऊन बसल्या होत्या.

"सिस्टर, तुम्ही तर अजिबात घाबरला नव्हता!"

"घाबरले न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "सकाळधरनं घाबरलेली हाय, ताई. दर खेपंला भ्या वाटतं."

आम्ही त्यांना दगडाच्या काळजाची बाई समजत होतो. खरं तर त्या आमच्यापेक्षा जास्त घाबरलेल्या होत्या, कारण काय काय होऊ शकतं ते तिथे फक्त त्यांनाच माहीत होतं. आणि एवढी भीती पोटात ठेवून त्यांनी आईची बोलणी खाल्ली, माझा आरडाओरडा ऐकला, साहेबांचा फोन घेतला...

सोनाली आता घरी आहे. बाळ दूध पिऊन झोपतंय आणि आई डिंकाचे लाडू घेऊन सोनालीच्या मागे लागलेली असते. अशा वेळी घर भरलेलं बघून माझे डोळे उगीच भरून येतात.

सिस्टर, तुम्ही माझं ऐकलं नाहीत... फार उपकार झाले.