मागे सरकणारं गाणं

धानाच्या रोवणीच्या चिखलाचा वास आला की मला चंद्रपूरची ती समूहगान स्पर्धा आठवते. आमच्या गावच्या रोवणीवाल्या बायांसाठी शाळेतल्या बाईंनी पहिल्यांदाच गाणं बांधलं होतं. शेवटची ओळ दूर जाऊन विरावी, एवढाच त्यांचा हट्ट. पण आमच्या बाया, खोटं सांगत नाही, कुजबुजल्या तरी ताडोब्यातला वाघ दचकायचा! स्टेजवर पेटीला मी होतो. गाणं रंगलं आणि धान रोवताना सरकतात तशा सगळ्या जणी ओळीगणिक मागे जात थेट पडद्याआड गेल्या. लोक खदाखदा हसले, पण ओळ दूर जाऊन अलगद विरली. बाईंचे डोळे भरले. "किती हळू गायलात हो!" "हळू कोन गायलं, बाई?" म्होरकी म्हातारी फणकारली, "आमी तं पुऱ्या ताकदीनं गायलो, फकत दूर गेलो." आता तीही दूर गेली, आवाज मात्र अजून पुऱ्या ताकदीनं येतो.