पन्हाळ्याच्या तोफेला लावलेला कौल

संस्थानच्या महाराजांच्या दरबारानं पन्हाळ्याची डागडुजी काढली, तेव्हा मी कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यात शाळेच्या पुढं गेलेला मी पहिलाच. शेताला माणूस कमी पडत होतं, म्हणून माझे वडील, आबा, शिरोळहून बैलगाडी घेऊन मला न्यायला आले. कायमचं. "ह्या शिक्षणानं पीक येतंय व्हय?" असं त्यांनी विचारलं. म्हटलं, जाण्याआधी गड तरी बघू. तिथं मी चार गोष्टी सांगेन, कदाचित आबांचं मन फिरेल.

गडावर मी इतिहास सांगू लागलो. आबांनी विचारलं, "हितं वर पाणी कोन आनत हुतं?" ते पुस्तकात नव्हतं. नव्या चुन्यानं दरवाजा इतका पांढराशुभ्र झाला होता, की शत्रूसुद्धा पाय पुसून आत आला असता.

आत एक तोफ होती. गंजू नये म्हणून मिस्त्रीनं तिला तेलात कालवलेला शेंदूर फासला होता. आबांनी लांबूनच पायताण काढलं.

"आबा, देव न्हाय त्यो. तोफ हाय."

"देव नसल्याला कोन शेंदूर लावतंय?"

त्यांनी कण्हेरीची दोन फुलं आणून तोफेच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना चिकटवली आणि गावच्या देवीला लावतात तसा कौल लावला. "उजवं पडलं तर पोरगं शिकंल. डावं पडलं तर नांगर धरंल."

आम्ही हात जोडून उभे राहिलो. रंग ओला होता. फुलं पडेनात.

तेवढ्यात मिस्त्री ओरडत आला. "ओ पावणं! सकाळधरनं रंगवतोय मी, आन् तुमी फुलं डकवताय?" त्यानं रागानं एक फूल उपटून फेकलं.

"डावं," आबा म्हणाले आणि पायताणाकडं वळले.

मी त्यांना कधी उलट बोललो नव्हतो. तरी पुढं होऊन म्हणालो, "आबा, कौलात देवाचं उजवं धरत्यात. हिचं तोंड आपल्याकडं हाय. म्हंजे आपलं डावं ते हिचं उजवंच की."

आबांनी मिस्त्रीला विचारलं, "तोंड हेच न्हवं?"

"गोळा हितनंच भाईर येतोय की! मागनं काय येतंय, ते मी सांगू व्हय?"

आबांनी हसू मिशीत दाबलं. "शीक मग," म्हणाले. "पन पयलं ह्याचं काम निस्तर."

मी कुंचला घेतला आणि देवाला शेंदूर लावला.