भाऊंच्या वांग्याची परीक्षा

मी वांग्यांची शास्त्रज्ञ. हसा खुशाल, माझ्या सासरचे अजून हसतात. जळगावजवळच्या संशोधन केंद्रावर नवा वाण आला की तो पारखायचा आणि शेतकऱ्याला द्यावा की नाही ते सांगायचं, हे माझं काम.

त्या हिवाळ्यात भाऊंच्या पुतण्याच्या रोपवाटिकेतला वाण आला. भाऊ म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. वांगं दिसायला राजबिंडं, आत नुसत्या बिया आणि चव कडसर. मी अहवालात तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी भाऊंचाच फोन आला.

"ताई, ती कडूपणाची ओळ काढा. ही रोपं योजनेतून अख्ख्या जिल्ह्यात वाटायची आहेत. नाहीतर तुम्हाला धुळ्याची हवा मानवेल बरं का."

मुलीचं दहावीचं वर्ष होतं. पण पुतण्याचे लाड भाऊंनी करायचे आणि कडू वांगी जिल्ह्याने पिकवायची? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "भाऊ, माझं राहू द्या. तुम्हीच या आणि चाखून सांगा."

केंद्राच्या मळ्यात भरीत पार्टी ठरली. तीन वाण, दोन केंद्राचे आणि एक पुतण्याचा; तीन पातेली, वर फक्त खुणा. कोणत्यात काय, ते मला आणि भरीत करणाऱ्या अक्कांना ठाऊक. अक्का आमच्या मजूर बायांत थोरल्या. त्यांनी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, मिरची-लसूण घालून ठेचली. भाऊ कार्यकर्त्यांसह आले आणि तिन्ही पातेल्यांवर आडवा हात मारला.

"तिन्ही झकास! म्हणजे आमचंही झकास. लिहा, ताई!"

मी चाखलं. अगं बाई, खरंच तिन्ही झकास! अक्कांना बाजूला ओढलं.

"बठ्ठा वांगा आपलाच शेतस," त्या शांतपणे म्हणाल्या. "पाव्हनाले कडू चारस का कोनी?"

घ्या! म्हणजे तिन्ही पातेल्यांत सगळी वांगी केंद्राचीच. पुढाऱ्याला तोंड देत होते, तर पाहुणचाराने माझा प्रयोग बुडवला. अक्कांवर चिडावं की हसावं कळेना. मग सरळ भाऊंसमोर जाऊन सांगितलं, "तुमचं वांगं अजून टोपलीतच आहे. थांबा, समोर भाजते."

आता पळणार कुठे? कार्यकर्ते बघत होते. भाऊंनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. डोळ्यांत पाणी आलं. "छान आहे," ते म्हणाले. मग ताट अक्कांपुढे सरकवून हळूच म्हणाले, "पण त्या आधीच्या पातेल्यातलं वाढा थोडं."

कार्यकर्तेसुद्धा खाली बघून हसले. ओळ तशीच राहिली, रोपं वाटली गेली नाहीत. माझी मात्र धुळ्याला बदली झालीच. मुलगी वडिलांजवळ राहिली आणि दहावीचा अभ्यास तिने मला फोनवर म्हणून दाखवला. त्या वर्षी मी फार रडले, खोटं कशाला सांगू?

परवा भाऊंचा फोन आला. पुतण्याचंच लग्न, हजारभर माणसांचं भरीत.

"ताई, वांगी कोणती घेऊ? आमच्या माणसांना विचारलं तर सगळे म्हणतात, आपलीच घ्या. तुम्ही काय ते खरं सांगा."

चांगलं झापावं असं वाटलं. पण तोंडून वाणाचं नाव निघून गेलं, आणि तेही बरोबर.