पुकारा

घराच्या दाव्यासाठी मी सोलापूरच्या कोर्टात जायचो, तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर एक जुने वकील हमखास दिसत. विटलेला काळा कोट, मिटलेले डोळे. शिपायानं दारातून नाव पुकारलं की मात्र ते उठत आणि त्या नावाचा माणूस आवारातल्या झाडाखालून शोधून आत पाठवत. पुकाऱ्याला कुणी हजर नसलं, तर दावा काढून टाकतात.

एकदा कुंभारीची एक म्हातारी भाकरी खात बसली होती. "मावशी, उटा, नाव आलं," म्हणत त्यांनी तिला दारापर्यंत नेलं. ती उष्ट्या हातानंच आत गेली.

नातेपुत्याकडं वकिली करता करता हे खासदार झाले होते, असं चहावाल्यानं सांगितलं. मी त्यांना विचारलं, "साहेब, दिल्ली बघितलेला माणूस इथं का बसतो?"

ते दाराकडंच बघत होते. "तितं मी लई बोललो की. बाकं वाजली, मी खाली बसलो. पन ज्याच्यासाठी बोललो, त्याचं नाव कुनी पुकारलं न्हाय."

तेवढ्यात माझं नाव आलं. आत शिरताना मागं पाहिलं. ते उठून कोटाची बटणं लावत होते, जणू पुढचं नाव त्यांचंच होतं.