बुआलायमावशीची अळंबीची जागा

साऱ्या जगाला वाटा सांगणारी बुआलायमावशी एका वाटेबद्दल मात्र धडधडीत थापा मारायची.

बसथांब्यासमोर तिचं मोटरसायकली भाड्याने देण्याचं दुकान. डोंगर बघायला आलेला पाहुणा आधी तिच्याच दारात यायचा. गरम पाण्याचे झरे कुठे, कुठल्या गुहेत बांबूच्या तराफ्यावरून शिरायचं, कुठल्या वळणावर वाळू आहे, सगळं ती हातवारे करून सांगायची. फक्त धबधब्यापलीकडच्या टेकाडाचा विषय निघाला की तिचा चेहरा गंभीर व्हायचा.

"तिकडे नका जाऊ बाबा. जळवा फार. शिवाय भूत आहे."

शेजारी शेवयांचं दुकान चालवणारी खामपुन मग रश्श्यात पळी फिरवत म्हणायची, "मागल्या साली अस्वल होतं ना गं तिथे? मेलं वाटतं."

अस्वल नव्हतं, भूतही नव्हतं. पाऊस लागला की त्या टेकाडावर झाडांच्या मुळाशी, मातीखाली काळी, गोटीएवढी अळंबी यायची. दाताखाली फुटली की कुरकुरणारी, कालवणात पडली की घर जमा करणारी. मावशीच्या आईने ती जागा मावशीला दाखवली आणि बजावलं, "लेकीखेरीज कोणाला नाही." गावात प्रत्येक घराची अशी एकेक जागा होती, आणि कोणी कोणाला विचारत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मावशीचा नवरा बापडा जन्मभर ते कालवण ओरपून देवाघरी गेला, पण जागा काही त्याला कळली नाही.

मावशी खांद्यावर अंघोळीचं वस्त्र टाकायची, मोटरसायकल धबधब्यापाशी सगळ्यांना दिसेल अशी उभी करायची आणि ओढा ओलांडून झाडीत गडप व्हायची. हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग जावई आला.

त्या मुलखात लग्न झालं की नवराच बायकोच्या घरी राहायला येतो. मावशीची लेक सेंगदुआन हॉटेलात कामाला. तिला जंगलाचं नाव नको. तिने आणलेला नवरा, बुनथाव, दूर पूर्वेच्या सपाट मुलखातला. मोटरसायकली झकास दुरुस्त करायचा, पण बोलायचा म्हणाल तर कामापुरतं. तोंड उघडत नाही म्हणजे पोटात काहीतरी दडलंय, असं मावशीचं ठाम मत. त्यात एका पावसाळ्यात त्याच्या चपलांना लाल चिखल दिसला. धबधब्याची वाळू करडी. लाल माती फक्त त्या टेकाडाची.

"कुठे बुडवल्यास रे चपला?"

"असाच फिरून आलो, आई."

"असंच कोण फिरतं? असंच फिरायला पाहुणे येतात, भाडं भरून."

तो नुसता हसला, आणि मावशीच्या मनात शंकेची पाल जी चुकचुकली ती गप्प होईना. दुसऱ्या दिवशी तिने जाऊन जागा पाहिली. माती उकरलेली नव्हती, पाचोळा जसाच्या तसा. दुसरी बाई निर्धास्त झाली असती. मावशी म्हणाली, "उकरून वर पाचोळा पसरतोय मेला. काय हात आहे." पुढच्या खेपेला तिने वाटेत आडव्या काटक्या मांडून ठेवल्या. एकही मोडली नाही. म्हणजे पठ्ठ्या ओलांडून जातो, हे तिला पक्कं कळलं.

"जावई आहे की वाघ?" खामपुन म्हणाली.

"वाघ परवडला. तो गुरगुरतो तरी."

त्यानंतर तिसऱ्या पावसाळ्यात ती निघाली तेव्हा बुनथाव चाकाशी बसला होता. "वाट निसरडी झालीय, आई. येऊ का बरोबर?"

"अंघोळीला? लाज कशी वाटत नाही?"

वाटेत ती दर चार पावलांवर मागे वळून बघत होती. टेकाडावर टोपली अर्धी भरली, तोच मागे काटकी मोडल्याचा आवाज आला. आला वाटतं चोर. टोपली छातीशी धरून, आवाजाकडे डोळे लावून ती उलट्या पावली सरकली आणि घळीत कोसळली. झुडपातून रानकोंबडा निघाला, तुरुतुरु चालत गेला. मावशीचा पाय मुरगळून हा एवढा सुजला. उभंच राहवेना.

उन्हं कलली तशा खालून हाका ऐकू येऊ लागल्या. मोटरसायकल जिथे होती तिथेच, धबधब्यावर, अख्खं गाव तिला शोधत होतं. मावशीने ओ द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडावं तर सगळा गाव जागेवर येऊन उभा. आईची जागा, आजीची जागा, उद्या बाजारभर. गप्प राहावं तर इथेच मरण. तिने टोपलीकडे पाहिलं आणि गप्प राहिली.

हाका हळूहळू लांब गेल्या. सूर्य डोंगराआड गेला आणि मग मात्र तिला खरंच भीती वाटली. आता ओरडली तरी ऐकायला कोणी नव्हतं. ती रडायला लागली.

तेवढ्यात पाचोळा वाजला. बुनथाव इकडेतिकडे न शोधता, सरळ घळीपाशीच आला.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," मावशी डोळे पुसत म्हणाली.

"हो, आई. तुमचा गुडघा दुखायचा. सेंगदुआन म्हणाली, लांबून लक्ष ठेव. म्हणून एकदा मागे आलो होतो."

"मग खणली का नाहीस कधी?"

"तुम्ही कुठे दाखवली होती?"

मावशीने टोपली काखोटीला मारली. त्याने तिला पाठीवर घेतलं. सरळ खाली उतरलो तर कुठून आलो हे सगळ्यांना दिसणार, हे ती सांगणार, तोच तो आपणहून वळला आणि मागच्या लांबच्या उताराने ओढ्यात उतरला. तिथे तिला दगडावर बसवून त्याने तिच्या पायांची लाल माती धुतली, सुजलेला पाय जपून, बोटाबोटातून. मग स्वतःच्या चपला धुतल्या. अंगातला सदरा काढून टोपलीवर टाकला.

तिला पुन्हा पाठीवर घेऊन तो धबधब्यावर आला, तशी माणसं धावत आली. सगळ्यांत पुढे खामपुन. "कुठे होतीस गं बये?"

मावशीच्या आधी बुनथावच बोलला. "ओढ्याच्या वरच्या अंगाला पडल्या होत्या. पलीकडच्या टेकाडावरही मी शोधून आलो. तिकडे कोणी जाऊ नका, जळवा फार आहेत."

मावशीने त्याच्या उघड्या खांद्यावर तोंड लपवलं आणि गाव ओलांडेपर्यंत वर केलं नाही.